तिसरा मुद्दा

थळकरकाका लाल चिठ्ठी लावायच्या आधी चष्मा काढून पुसायचे. हिरवी लावताना नाही, पिवळी लावताना नाही, फक्त लाल. आमच्या बंगळूरच्या कारखान्यात मशिनचे सुटे भाग बनत आणि पुढं जाण्याआधी प्रत्येक भाग तपासणी विभागातल्या त्यांच्या टेबलावरून जाई. हिरवी चिठ्ठी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्त होण्यासारखा, लाल म्हणजे भंगार. लाल चिठ्ठीच्या आधी ते चष्मा पुसत, पुन्हा मोजत, आणि दहातल्या सहा वेळा लाल खाली ठेवून पिवळी उचलत.

मी सांगलीकडचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि हे मी कुणालाही न विचारता सांगत असे. अजूनही सांगतो, त्यात लाजायचं काही नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्यापुढं चाळीस बुशांचा, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्यांचा ट्रे आला. मी पाच मोजले, तीन मापाहून मोठे निघाले, म्हणून सगळ्या ट्रेवर लाल चिठ्ठी ठोकली आणि छाती काढून चहाला गेलो. परत आलो तर काका ट्रे घेऊन बसलेले.

"किती मोजलेस?"

"पाच."

"मग उरलेल्या पस्तिसांनी तुझं काय वाकडं केलंय?"

मला पस्तीसही मोजायला लावले. एकोणतीस चांगले निघाले. जे वाईट होते त्यांच्याही चिठ्ठीवर नुसतं 'रिजेक्ट' लिहिलेलं त्यांना चाललं नाही. कुठं चुकलंय आणि किती, हे लिही म्हणाले. "नुसतं वाईट आहे हे कुणीही म्हणेल, देशमाने. त्याला बी.ई. व्हायला लागत नाही."

मला ते लागलं. पण खरं होतं.

त्यांचं पूर्ण नाव सायमन थळकर. बुटका बांधा, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, कॉलरला घाम लागू नये म्हणून आत खोचलेला रुमाल. मशिनवरचे कन्नड कामगार त्यांना सायमनअण्णा म्हणत. कुणी घाई केली की काका त्यांच्याच भाषेत "स्वल्प ताळी" म्हणत, म्हणजे जरा थांबा, आणि समोरचा खरंच थांबे. सायमन नावामुळं सगळा कारखाना त्यांना ख्रिश्चन समजायचा. आमचे उपमहाव्यवस्थापक सरदेसाईसाहेब दरवर्षी डिसेंबरात त्यांच्या टेबलापाशी मुद्दाम थांबून 'हॅपी ख्रिसमस' म्हणत. काका उठून उभे राहत आणि 'थँक्यू सर' म्हणत. मी एकदा विचारलं, काका, सांगत का नाही? तर म्हणाले, साहेब मनापासून देतात रे, घ्यायला काय जातंय.

काका ख्रिश्चन नाहीत हे मला कळलं ते निराळ्याच वाटेनं. माझे वडील गावात तेलाचा घाणा चालवायचे. पुढं तो बंद पडला आणि ते दुसऱ्याच्या गिरणीत कामाला लागले. ही गोष्ट मी कारखान्यात फारशी सांगत नव्हतो. पदवीचा अभिमान होता, घाण्याचा नव्हता. एकदा डब्यातल्या भाजीच्या तेलावरून विषय निघाला आणि माझ्या तोंडून गेलं. काकांनी हातातला घास ठेवला.

"म्हणजे तू तेली?"

मी मान ताठ करून हो म्हटलं. आता काय म्हणतात बघू, अशा तयारीत.

"मग आपण भाऊबंद की रे. अलिबागकडं आमच्या आज्या-पणज्यांचाही घाणाच होता. तुम्ही सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि आम्ही शनिवारी, म्हणून शनिवार तेली." मग हसून म्हणाले, "शनिवार आम्ही अजून पाळतो. तुम्ही सोमवार सोडलात, म्हणून बी.ई. झालात."

बेने इस्राएल म्हणजे कोण, हे मला तेव्हा समजलं. शेकडो वर्षं कोकणात राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या जातीचं नाव मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं आणि त्यांनी माझ्या जातीला पहिल्या घासाला भाऊबंद म्हटलं. त्या दिवसापासून मी डबा त्यांच्याच टेबलावर उघडायला लागलो.

मल्लेश्वरमला त्यांचं भाड्याचं घर होतं. बायको एस्तेरबाई, आणि एकुलती मुलगी रिबेका लग्न करून इस्राएलात, रामले नावाच्या गावी गेलेली. तिला मुलगा झाला तेव्हा काकांनी घरी मलिदा केला. मलिदा म्हणजे भिजवलेले गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, वर फळं, आणि प्रार्थना म्हणून मग सगळ्यांनी खायचं. त्यांच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि बंगळूरात त्यांच्या ओळखीत तीनसुद्धा नव्हते. म्हणून त्यांनी मला बोलावलं, खालच्या मजल्यावरच्या कन्नड मास्तरांना बोलावलं, आणि आमच्या कारखान्यात नव्यानं लागलेल्या मुजावरला बोलावलं.

"तुम्हाला मोजणीत धरता येत नाही," काका म्हणाले. "पण खोली भरलेली दिसते."

सलीम मुजावर मिरजेचा. माझ्यासारखाच घरातला पहिला इंजिनिअर, माझ्यापेक्षा हुशार आणि माझ्यापेक्षा तोंडाळ. त्याच्या प्रोबेशनचं वर्ष चालू होतं. मार्चमध्ये तो कायम व्हायचा होता आणि मग म्हाताऱ्या आईला इकडं आणायचा होता. एस्तेरबाईंनी त्याला दुसऱ्यांदा मलिदा वाढला तेव्हा तो म्हणाला, आमच्याकडंही मलिदा असतो काकू, फक्त चपातीचा. त्यावर काका आणि तो अर्धा तास भांडले, खरा मलिदा कुठला म्हणून. त्या दिवसानंतर आमच्या डब्याच्या टेबलावर तिसरा माणूस आला.

मग एक्क्याण्णवचा जानेवारी उजाडला आणि आखातात युद्ध पेटलं. इराकची क्षेपणास्त्रं इस्राएलवर पडायला लागली. रामलेला फोन लागत नव्हता. काका ट्रान्झिस्टर कानाला लावून इंग्रजी बातम्या ऐकत, आणि त्यावरून ते ख्रिश्चन नसून ज्यू आहेत हे सरदेसाईसाहेबांपर्यंत सगळ्यांना कळलं. तिथले लोक घरातल्या एका खोलीच्या फटींना चिकटपट्टी लावून, तोंडावर मुखवटे चढवून बसतात असं त्यांनी ऐकलं. एवढ्या लहान पोराला मुखवटा बसतो का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं. मला काय माहीत असणार? त्याच आठवड्यात रिबेकाचं पत्र आलं, युद्धाच्या आधी टाकलेलं. पोराला दात आलाय, पोह्याचे पापड पाठवा. ते पत्र काकांनी शर्टाच्या खिशात ठेवलं.

कारखान्याच्या कॉलनीत आमचं छोटं मराठी मंडळ होतं. गणपती, कोजागिरी, मुलांचे वर्ग. सरदेसाईसाहेब अध्यक्ष आणि मी सहचिटणीस, अक्षर बरं म्हणून. मंडळानं 'आखाती युद्ध आणि भारताचं धोरण' यावर परिसंवाद ठेवला आणि बोलायला मुजावरही उभा राहिला. काका तिसऱ्या रांगेत होते.

मुजावर चांगला बोलला. परदेशी लढाऊ विमानांना आपल्या विमानतळांवर तेल द्यायचं का, आपण कुणाच्याच बाजूचे नसलेले लोक होतो त्याचं काय झालं, पॅलेस्टिनी माणसाला त्याच्याच गावात परका करून ठेवलंय त्यावर आपण गप्प का. लोक ऐकत होते. मग बोलण्याच्या भरात तो म्हणाला, "जगातली वर्तमानपत्रं आणि पैसा सगळा ज्यू लोकांच्याच हातात आहे, म्हणून आपल्यापर्यंत खरं येत नाही."

मी काकांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला होता.

सरदेसाईसाहेब उठले. शांत माणूस, आवाज कधी चढायचा नाही, तेव्हाही चढला नाही. ते म्हणाले, हा ज्यूद्वेष आहे. जगात याला फार गंभीर मानतात. आपल्यात बसलेल्या एका बांधवाच्या धर्माचा हा अपमान आहे आणि हे मंडळ तो सहन करणार नाही. ज्यूद्वेष हा शब्द त्या हॉलमध्ये बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकला असावा, पण कुणावर फेकायचा हे लगेच कळलं. मागून कुणीतरी म्हणालं, नावावरनंच समजायला पाहिजे होतं. आणखी कुणी म्हणालं, ह्याला इराकला पाठवा. मुजावर म्हणत होता की मी सरकारच्या धोरणावर बोलतोय, पण ते कुणाला ऐकू जात नव्हतं.

काकांनी हात वर केला. शाळेत करतात तसा. साहेबांना तो दिसला. ते मायेनं म्हणाले, "थळकर, तुम्ही बसा. तुम्हाला त्रास होईल."

काका उभेच नव्हते. तरी त्यांनी हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मुजावर डबा न उघडता बसला. म्हणाला, काका, माझं काय चुकलं ते तुम्ही सांगा. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही.

काकांनी सांगितलं. विमानांचं म्हणालास ते तुझं मत. पॅलेस्टिनी लोकांचं म्हणालास त्यातलं निम्मं मला पटतं, निम्मं नाही, आणि माझा जावई ऐकेल तर तुझ्याशी मारामारी करील. ते चालायचंच. पण पैसा आणि पेपर आमच्या हातात, हे कुठनं काढलंस?

"वाचलं होतं कुठंतरी. सगळेच म्हणतात, काका."

"माझ्या हातात काय आहे, बघ." काकांनी दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. मशिनच्या तेलानं रेघा काळ्या झालेल्या. "या एवढ्या वाक्यावरनं युरोपात माणसं मारलीत रे, सलीम. सरकारला बोल, हवं तितकं बोल. पण ते वाक्य सरकारबद्दल नव्हतं. ते माझ्याबद्दल होतं."

मुजावर म्हणाला, ते वाक्य मी मागं घेतो. बाकीचं घेणार नाही.

"बाकीचं कोण मागतोय?" काका म्हणाले. "डबा उघड."

त्यांच्यापुरतं तिथं मिटलं. पण मंडळानं मुजावरकडं लेखी खुलासा मागितला आणि सरदेसाईसाहेबांनी त्या पत्राची एक प्रत माहितीसाठी म्हणून कारखान्याच्या कार्मिक विभागाला पाठवली. प्रोबेशनवरच्या माणसाच्या फायलीत असा कागद गेला म्हणजे काय, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काका म्हणाले, अपमान कुणाचा झाला म्हणतायत? माझा ना? मग मीच लिहून देतो.

त्यांनी पत्र लिहिलं ते तपासणीचा अहवाल लिहावा तसं. चार मुद्दे. पहिला: विमानांना तेल देण्याबद्दल वक्ता जे बोलला ते त्याचं मत आहे, आक्षेप नाही. दुसरा: इस्राएल सरकारच्या धोरणावर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष नव्हे, आक्षेप नाही. तिसरा: पैसा आणि वर्तमानपत्रांविषयीचं एक वाक्य चूक होतं आणि त्यानं मी दुखावलो. वक्त्यानं ते माझ्यासमोर मागं घेतलं आहे. चौथा: सबब हे प्रकरण बंद करावं.

मी वाचून म्हटलं, काका, तिसरा मुद्दा काढा.

"का?"

"बाकी तीन कुणी वाचणार नाही. हाच वाचतील."

एस्तेरबाईही तेच म्हणत होत्या. पोरगी तिकडं खोलीत कोंडून बसलीय आणि तुम्ही इथं कागद कसले लिहीत बसलाय? लिहायचंच तर सरळ लिहा की मला काही वाटलं नाही. पण काकांना ते जमणं शक्य नव्हतं. "वाटलं ना पण," ते म्हणाले. "वाटलंच नाही असं लिहिलं तर पुढचा कुणी ते वाक्य बोलला की मी काय सांगू? आणि एक माप खोटं लिहिलं तर उरलेल्या तिन्हींवर कोण विश्वास ठेवील?"

मी पत्र त्यांना परत दिलं. तीस वर्षं ज्यानं चिठ्ठीवर खरं माप लिहिलं, त्याला कालच्या पोरानं काय शिकवावं. अजून वाटतं, शिकवायला पाहिजे होतं. पत्र हिसकावून घ्यायला पाहिजे होतं.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी ते वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या मुद्द्यावर साहेब म्हणाले, देशमाने, थळकरांचं मन मोठं आहे, ते आपण समजून आहोत. मुद्द्याचं काय ते वाचा. मी तिसरा मुद्दा वाचला. 'त्यानं मी दुखावलो' इथं साहेबांनी हात वर केला. म्हणाले, बस. आता इतिवृत्तात लिहा: श्री. थळकर यांनी स्वतः लेखी कळवलं आहे की सदर भाषणानं ते दुखावले गेले.

"वाक्यानं, सर," मी म्हटलं. "भाषणानं नाही. आणि मागं घेतल्याचं पुढं लिहिलंय त्यांनी."

"पत्र फायलीला जोडतोच आहोत. कुणाला वाचायचं असेल तर वाचेल."

मी लिहिलं. माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. तिथं नऊ माणसं होती. त्यांतली दोन माझी प्रमोशनं ठरवणारी होती, हे मी इथं लिहून ठेवतो, म्हणजे त्या वेळचा हिशेब मी कसा मांडला ते स्पष्ट होईल.

काका साहेबांच्या केबिनमध्ये तीनदा गेले. साहेबांनी तिन्ही वेळा त्यांना खुर्ची दिली, कॉफी मागवली, मुलीची चौकशी केली. आणि तिन्ही वेळा म्हणाले, थळकर, तुम्हाला भीती वाटते म्हणून तुम्ही असं म्हणताय, आम्ही आहोत ना पाठीशी. तिसऱ्या खेपेला बाहेर आल्यावर काका मला म्हणाले, "अरे, मारणारा असता तर हात तरी धरला असता. हा माणूस मला कुरवाळतोय. ह्याला कसं थांबवू?"

युद्ध संपलं. रिबेकाचं पत्र आलं, सगळे सुखरूप. पोराला मुखवटा लागत नाही, त्याच्यासाठी प्लॅस्टिकचा तंबू मिळाला होता. काकांनी ते पत्र मला दाखवलं, मुजावरला दाखवलं, कन्नड कामगारांना अर्थ सांगून दाखवलं. त्यानंतर चारच दिवसांनी मुजावरला कार्मिक विभागाचं पत्र आलं. सेवा समाधानकारक नसल्यामुळं कायम करता येत नाही. ज्यूद्वेष नाही, भाषण नाही, कशाचाच उल्लेख नाही. काका तो कागद घेऊन कार्मिक विभागात गेले, तर तिथल्या कारकुनानं विचारलं, अण्णा, यात तुमचा काय संबंध?

जाण्याआधी मुजावर मल्लेश्वरमला भेटायला गेला, मी बरोबर होतो. एस्तेरबाईंनी पोळ्या केल्या होत्या. जेवून उठताना मुजावर म्हणाला, "काका, तुम्ही काही लिहिलं नसतंत तरी हेच झालं असतं."

"हे तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोयस की तुला ठाऊक आहे?"

मुजावर वाकून पाया पडला आणि जिना उतरला. मिरजेहून त्याची दोन पत्रं आली, मग नाही आली. काकांनी सहा लिहिली. मला माहीत आहे, कारण पोस्टात मीच टाकली.

पुढच्या जानेवारीत भारतानं इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडल्याची बातमी आली. मंडळानं ठरवलं, थळकरांचा सत्कार करायचा. ते त्या वर्षी निवृत्तही होणार होते आणि मुलीकडं कायमचे जाणार होते. इतक्या वर्षांत मंडळानं त्यांना कधी दिवा लावायलाही बोलावलं नव्हतं. काका नको म्हणाले. मग साहेब स्वतः त्यांच्या घरी जाऊन आले. मग काका आले.

शाल दिली, नारळ दिला. साहेब चांगलं बोलले. या मंडळानं ज्यूद्वेषाला थारा दिला नाही, याचा मला अभिमान आहे, असं म्हणाले. मग काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका माइकपुढं आले. माइक उंच होता, कुणीतरी येऊन खाली केला.

"मी दुखावलो होतो," ते म्हणाले. "एका वाक्यानं. ज्यानं दुखावलं त्यानं ते दुरुस्त केलं, माझं समाधान झालं. त्यानंतर जे झालं त्यानं मी जास्त दुखावलो. मंडळाला माझ्यासाठी काही करायचंच असेल तर सलीम मुजावरला एक पत्र लिहा, की आमची चूक झाली. मी..."

इथं टाळ्या सुरू झाल्या. पहिल्या रांगेत सुरू झाल्या आणि मागं गेल्या. काका हात वर करून थांबले. टाळ्या वाढल्या. साहेब उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून माइकमध्ये म्हणाले, बघा, केवढी ही क्षमाशील वृत्ती. आणि पुढचा कार्यक्रम भावगीतांचा आहे, असं जाहीर केलं. पेटीवाले येऊन बसले.

मी बाहेर गेलो तेव्हा काका पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. शाल अंगावर तशीच होती.

"देशमाने, माझं बोलणं मागंपर्यंत ऐकू येत होतं का रे?"

"येत होतं, काका."

"शब्द न् शब्द?"

"हो."

"मग टाळ्या कोण वाजवत होतं?"

सगळेच, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्या हातांकडं पाहिलं. माझे हात लाल झाले होते. मी कधी वाजवायला लागलो हे मलाही आठवत नव्हतं. शेजारचे वाजवत होते.

बस येताना दिसली तसे ते उठले. कंडक्टरनं त्यांच्या अंगावरची शाल आणि हातातला नारळ पाहून कन्नडमध्ये विचारलं, अण्णा, लग्नाहून का? काकांनी त्याला काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण कंडक्टर हसला आणि त्यानं सरकून त्यांना जागा करून दिली.